देणाऱ्यासमोर लेई काढत नाहीत

अवधूत नाबरने आयुष्यात कधीही गिटार वाजवली नव्हती, ही गोष्ट जगात तीन माणसांना ठाऊक होती. एक स्वतः अवधूत, दुसरा भिवा येलवे आणि तिसरी भिवाची बायको कमल. त्यांपैकी अवधूत गप्प होता, कमलला त्यात विशेष काही वाटत नव्हतं आणि भिवाला गेले बारा दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

निमित्त झालं मोबाइलवर आलेल्या एका पत्रकाचं. 'हवाई महोत्सव, दादर. रविवार, सकाळी दहा ते दोन. हुला नृत्य, युकुलेली, लेई गुंफण्याची कार्यशाळा, हवाईचे खाद्यपदार्थ. प्रवेश विनामूल्य, सर्वांचे स्वागत.' इथपर्यंत भिवाची काही हरकत नव्हती. पॅसिफिक महासागरातल्या बेटांचा उत्सव दादरच्या शाळेच्या पटांगणात का भरू नये? दादरला काय भरत नाही? पण पत्रकाच्या तळाशी एक चौकट होती. 'मुंबईतील हवाईयन गिटारचे ज्येष्ठ वादक श्री. अवधूत नाबर यांचा हृद्य सत्कार.' आणि चौकटीत फोटो.

फोटो सन एक्याऐंशीचा. मंडपामागची लोखंडी खुर्ची, खुर्चीत अवधूत, त्याच्या शर्टाची कॉलर खांद्यापर्यंत पोचलेली, नजर आभाळाकडे आणि मांडीवर आडवी ठेवलेली हवाईयन गिटार. त्यात खुर्ची मंडपवाल्याची होती, शर्ट अवधूतचा होता आणि गिटार भिवाची होती. रोलमधला शेवटचा फोटो उरला होता, कॅमेरा कुणाचा तरी मागून आणलेला. तेव्हा भिवानेच म्हटलं होतं, "अवध्या, जरा धर रे ही, उजेड चांगला आहे." त्या एका उजेडापायी चव्वेचाळीस वर्षांनी हा अंधार.

'सोनतारा ऑर्केस्ट्रा' लालबागपासून गिरगावपर्यंत गणपतीत, सत्यनारायणाच्या पूजेला, भीमजयंतीला, बोलावतील तिथे वाजायचा. त्या काळी ऑर्केस्ट्रा म्हटला की त्यात हवाईयन गिटार पाहिजेच. ही गिटार छातीशी धरत नाहीत. मांडीवर आडवी घेतात आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून घसरवत नेतात, मग सूर असा काही ओला होऊन निघतो की समोरचा माणूस घरच्या आठवणीने हळवा होतो, घर शेजारीच असलं तरी. हे काम भिवाचं. सोनतारात अवधूतचं काम खुळखुळ्याचं. पत्रिकेत त्याला 'लॅटिन अमेरिकन तालवाद्ये' म्हणत, पण होते ते दोन खुळखुळेच.

"अहो, मग फोन करून विचारा ना त्यांना," कमल म्हणाली.

"मी का विचारू? त्याने सांगायला पाहिजे."

"काय सांगायला पाहिजे?"

"की तो मी नव्हेच, असं."

"बरं, मग त्या महोत्सववाल्या बाईंना सांगा."

"आता मी सांगत सुटू का, की मला हार घाला म्हणून? आपल्याला असल्या गोष्टींची हाव नाही."

कमलने त्याच्या ताटातल्या अर्ध्या भाकरीकडे पाहिलं आणि ती पुन्हा डब्यात ठेवली.

मंगळवारी मात्र भिवा दादरला गेला. कशाला, तर सहज. करी रोडहून बसमध्ये बसल्यापासून तो मनातल्या मनात एकच वाक्य घोकत होता: बाई, त्या फोटोतली गिटार माझी आहे. परळ येईपर्यंत वाक्य ठीक वाटत होतं. दादरला उतरल्यावर ते पोलीस चौकीतल्या हरवलेल्या सामानाच्या तक्रारीसारखं वाटायला लागलं.

महोत्सव भरवणाऱ्या बाईंचं नाव इरावती. नवऱ्याच्या नोकरीपायी नऊ वर्षं होनोलुलूला राहिली होती, तिथे एका म्हाताऱ्या बाईकडे रीतसर हुला शिकली होती आणि आता दादरला पहिल्या मजल्यावर शिकवायची. भिवा पोचला तेव्हा दहाबारा बायका हातांनी लाटा काढत होत्या.

"या ना काका. कुठले आपण?"

"मी भिवा येलवे. नाबरांचा मित्र. त्या फोटोबद्दल जरा..."

इरावतीने दोन्ही हात जोडले. "म्हणजे फोटो काढणारे येलवे तुम्हीच! नाबरकाका म्हणाले होते, त्यांच्या मित्राने काढलाय. काय फोटो आहे, काका! काय ती नजर! ज्येष्ठ छायाचित्रकार म्हणून तुमचंही नाव घेऊ का?"

चाळीस वर्षांत भिवाने एकंदर अकरा फोटो काढले होते आणि त्यांतल्या सातांत माणसांना डोकी नव्हती. "नको नको," तो म्हणाला. घोकलेलं वाक्य तोपर्यंत जिन्याने खाली उतरून गेलं होतं.

"मग एक काम कराल? मला नाबरकाकांना हे फोनवर सांगायला संकोच वाटतो. सत्काराला आम्ही लेई घालणार, म्हणजे तिथला फुलांचा हार. पांढऱ्या चाफ्याची. ती गळ्यात घातली की काढायची नाही. घालणाऱ्याने प्रेम दिलेलं असतं, त्याच्यासमोर काढली तर ते तोंडावर परत केल्यासारखं होतं. तिथे फार वाईट दिसतं ते. माझ्या गुरू व्हिडिओवर बघणार आहेत. एवढं त्यांच्या कानावर घालाल?"

"घालतो की," भिवा म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याला बारा दिवसांनी पहिल्यांदा भूक लागली.

कारण भिवाला अवधूत माहीत होता, आणि आपली रीतही. आपल्याकडे हार घातला की तो लगेच काढायचा. मान लववायची, हार गळ्यात उतरू द्यायचा, फोटो निघायच्या आत उचलायचा आणि समोरच्या टेबलावर ठेवायचा. जो काढत नाही तो एक तर नवरदेव असतो नाहीतर निवडणुकीचा उमेदवार. विमा कंपनीतल्या निरोपसमारंभात अवधूतने हार इतक्या चपळाईने काढला होता की साहेबांचे हात अजून वरच होते. असा हा विनयशील माणूस.

शुक्रवारी संध्याकाळी हा विनयशील माणूस मालवणी खाज्याचा पुडा घेऊन भिवाच्या दारात उभा राहिला. गिरगावातून, खोताच्या वाडीजवळून करी रोडपर्यंत आला होता म्हणजे काम असणार.

"भिवा, रागावलास?"

"छे. तुझ्यासारख्या ज्येष्ठांवर कोण रागावणार?"

"अरे, तो फोटो फिरत फिरत तिच्याकडे पोचला आणि तिचा फोन आला. म्हणाली, फोटोतले तुम्हीच ना? म्हटलं, हो. फोटोतला मीच आहे ना?"

"आहेस."

"मग खोटं काय बोललो? पुढचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आणि तुला सांगू, पंचाहत्तरीला आलो, सोसायटीच्या गळणाऱ्या टाकीशिवाय कुणी मला कशाबद्दल बोलावलेलं नाही रे."

हे ऐकून कमलने "अगं बाई" केलं. भिवाला मात्र हे वाक्य आपल्या आधी त्याने म्हणून टाकलं याचाच राग आला.

"मग आता काय?"

"ती म्हणते, गिटार घेऊन या, मांडीवर ठेवून बसा. वाजवायचं नाही, नुसतं बसायचं."

"मग बस की."

"मांडी आहे. गिटार नाही."

नाही म्हणायला भिवाने तोंड उघडलं, पण तेवढ्यात कमलने कपाटावरची गिटार उतरवलीसुद्धा. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. अवधूतने ती तान्ह्या बाळासारखी घेतली, आणि चुकीच्या बाजूने घेतली.

"भिवा, तिथे काही नियमबियम नाहीत ना? परदेशी काम आहे, म्हणून विचारतो."

देवाने संधी द्यावी तर अशी, असं भिवाला वाटलं, जरी त्याचा देवावर विश्वास नव्हता. "परदेशी कसलं? सगळी आपलीच माणसं. हार घालतील, तो काढून ठेवायचा. नेहमीसारखं."

"बरं झालं विचारलं," अवधूत म्हणाला.

तो गेल्यावर कमल म्हणाली, "अहो, कांडी राहिली की!"

स्टीलची कांडी भिवाच्या खिशात होती. "मांडीवर ठेवायला कांडी लागत नाही," तो म्हणाला आणि खाज्याचा पुडा फोडून एकट्याने निम्मा संपवला.

रविवारी पटांगण साडेनऊलाच भरलं. प्रवेश विनामूल्य असला की दादरकर वेळेच्या आधी येतो आणि पिशवी घेऊन येतो. लेई गुंफण्याच्या कार्यशाळेत शिकवणारी मुलगी सुईत दोरा कसा ओवायचा ते दाखवत होती, तोवर समोरच्या बायकांनी चार चार लेई करून टाकल्या आणि तिला विचारलं, "बाळ, आता पुढे काय?" खाद्यपदार्थांत 'पोई' नावाचा जांभळट, गुळगुळीत लगदा द्रोणातून देत होते. तो अळूच्या कांद्यांचा आहे असं कळताच रांगेत हळहळ पसरली. "चिंचगूळ विसरली वाटतं बिचारी." "फोडणी तरी द्यायची." आणि दोन द्रोण खाल्ल्यावर, "पोटाला मात्र हलकं आहे हां." वरळी कोळीवाड्यातून आलेल्या तिघी जणी हुला बघत होत्या. त्यांनी निकाल दिला, "हात बरोबर आहेत. लाट अशीच येते. पाय जरा कमी पडतात."

भिवा पहिल्या रांगेत बसला होता. इस्त्रीचा पांढरा बुशशर्ट, शेजारी कमल, खिशात कांडी. स्टेजवर अवधूत. त्याने मोठ्या मोठ्या पानाफुलांचा हवाई शर्ट मिळवला होता आणि मांडीवर भिवाची गिटार घेऊन तो आभाळाकडे बघत होता. अगदी फोटोतल्यासारखा. एखाद्या बाईने आपलाच नवरा दुसरीच्या शेजारी बसलेला बघावा, तसं भिवाने गिटारीकडे पाहिलं.

इरावती दोन्ही हातांवर लेई घेऊन आली. पांढरा चाफा, मधे पिवळा, देठ इतके सारखे की मोजून ओवलेले असावेत. तिने ती अवधूतच्या गळ्यात घातली आणि तिथल्या रीतीप्रमाणे त्याच्या गालाला गाल लावला.

पटांगणातून "ओहो" असा आवाज गेला.

"बघितलंस?" भिवा म्हणाला. "गालाला गाल."

"तुम्हाला नको हां असलं काही," कमल म्हणाली.

भिवा अवधूतच्या हातांकडे बघत होता. हात वर गेले. बोटं फुलांखाली शिरली. इरावतीचं हसू जागच्या जागी थांबलं. काढली! लेई डोक्यावरून बाहेर आली आणि इकडे भिवाच्या छातीत चार ढोलताशे एकदम सुरू झाले.

त्याच क्षणी मागून कुणीतरी ओरडलं, "नाबर, वाजवा!" मग सगळेच ओरडायला लागले. "वाजवा! वाजवा!" अवधूतने गिटारीकडे पाहिलं, मग लेईकडे, मग समोरच्या टेबलाकडे. टेबलावर जागा होती. पण तो उठला, गिटार खुर्चीत ठेवली, स्टेजच्या तीन पायऱ्या उतरला आणि त्याने ती लेई भिवाच्या गळ्यात घातली.

"मंडळी," तो माइकशिवायच म्हणाला, कारण खुळखुळेवाल्याचा आवाज पहिल्यापासून मोठा, "फोटोतला मी आहे. गिटार याची आहे. वाजवायचा हा. मी नुसती धरली होती."

हा उदारपणा होता की 'वाजवा'मधून सुटायची पळवाट, हे भिवाला अजूनही ठरवता आलेलं नाही. पण त्या वेळी ठरवायला वेळच नव्हता. टाळ्या सुरू झाल्या, शेकडो माणसं भिवाकडे बघायला लागली, आणि ज्या गोष्टीसाठी तो इतके दिवस जळत होता ती गळ्यात येऊन पडली. तेव्हा त्याने काय केलं? मान लववली, दोन्ही हातांनी लेई उचलली, डोक्यावरून काढली, घडी घातली आणि टेबल जवळ नव्हतं म्हणून कमलच्या मांडीवर ठेवली. जलखात्यात छत्तीस वर्षं निरोपसमारंभांचे हार बघितलेल्या माणसाच्या हातांना दुसरं काही येतच नव्हतं.

"येलवेकाका!" इरावतीच्या हातात माइक होता. "तुम्हीसुद्धा? अहो, तुम्हाला तर मी मंगळवारी सांगितलं होतं!"

माइक चांगला होता. शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

"काय सांगितलं होतं?" अवधूतने विचारलं.

"लेई घालणाऱ्यासमोर काढायची नाही म्हणून. तुम्हाला सांगा म्हटलं होतं मी यांना."

अवधूत भिवाकडे बघत राहिला. चेहऱ्यावर काही नव्हतं. ऑर्केस्ट्रात असतानाही त्याची पाळी यायच्या आधी तो असाच मोजत उभा राहायचा.

"असं होय," तो म्हणाला. "हार काढून ठेवायचा. नेहमीसारखं."

"अवध्या, ते माझ्या लक्षातून..."

"गेलं असेल. वय झालं आपलं." मग त्याने कमलच्या मांडीवरची लेई उचलली, नीट झटकली आणि पुन्हा भिवाच्या गळ्यात घातली. "आता मी घातली. माझ्यासमोर काढायची नाही. जा, वाजव."

भिवा स्टेजवर गेला. खिशातून कांडी काढली तेव्हा इरावती आश्चर्याने म्हणाली, "तुम्ही घेऊनच आला होतात?" तो खाली बघून खुंट्या पिळायला लागला. तारा उतरल्या होत्या, त्या चढवल्या. मग एका जुन्या सिनेमातलं संथ गाणं त्याने धरलं. पहिल्या ओळीला बोटं अडखळली, दुसरीला आठवायला लागली, आणि तिसऱ्या ओळीला कांडी अशी घसरत खाली आली की वरळीच्या तिघींनी बडबड थांबवली. हुलावाल्या बायका हळूहळू पुढे सरकल्या आणि त्या सुरावर लाटा काढायला लागल्या. भिवाला वाटलं, बस. हेच. आता कुणी काही बोलू नये.

कुणी बोललं नाही. फक्त खुळखुळा वाजला.

हुलावाल्यांच्या सामानात लाल-पिवळी पिसं लावलेले भोपळ्याचे खुळखुळे होते. त्यांतला एक अवधूतने उचलला होता. हळूच, तालात, गाण्याच्या बरोबर खाली. मग दुसरा उचलला. मग खांदे हलायला लागले. मग त्या पानाफुलांच्या शर्टासकट पंचाहत्तरीतला अवधूत नाबर स्टेजभर फिरला आणि पटांगण खुर्च्या सोडून उभं राहिलं.

गाणं संपल्यावर इरावतीच्या डोळ्यांत पाणी होतं. "हे 'उलीउली'," ती माइकवर म्हणाली. "गिटार तिथे फार नंतर आली. हा खुळखुळा त्याच्या आधीपासूनचा. हे हुलाचं घरचं वाद्य! नाबरकाका, कुठे शिकलात तुम्ही?"

"लालबागला," अवधूत म्हणाला.

तिने त्याच्या गळ्यात दुसरी लेई घातली. पहिलीपेक्षा मोठी. गालाला गालही पुन्हा लावला. मग लोक फोटो काढायला धावले. त्या फोटोंपैकी बऱ्याच फोटोंत, नीट बघितलं तर, उजव्या कडेला एक पांढऱ्या बुशशर्टाचं कोपर दिसतं. ते भिवाचं.

टॅक्सीत तिघं होते. भिवा गळ्यात लेई आणि मांडीवर गिटार घेऊन पुढे बसला. करी रोडला उतरल्यावर तो म्हणाला, "बरं मग, अवधूत. तू याच टॅक्सीने गिरगावला जा."

"छे, चहा घेतल्याशिवाय कसा जाऊ? कमलवहिनी काय म्हणतील?"

"या ना," कमल म्हणाली. तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या 'या ना'वरून भिवाला कळलं.

लिफ्टमध्ये पाचव्या मजल्यावरची अनुजा होती. "अय्या काका, लग्नाचा वाढदिवस?" तिने विचारलं. भिवा म्हणाला, "नाही." दोन मजले गेले. मग ती म्हणाली, "मग?"

अकराव्या मजल्यावर चहा झाला. भिवाच्या मानेला फुलांचं पाणी लागलं होतं आणि खाज सुटली होती. तो दोनदा गॅलरीत जाऊन आला. दोन्ही वेळा अवधूत मागोमाग आला, "काय हवा आहे रे तुझ्याकडे," म्हणत.

"आज काही काम नाही तुला?"

"रविवार आहे."

"घरी वाट बघत असतील."

"फोन केला मी. जेवूनच येतो म्हटलं." मग जरा वाकून, "का रे? काढायचीय का?"

"नाही," भिवा म्हणाला.

"मग बसतो."

कमलने सुकटीची चटणी काढली, भाकऱ्या थापायला घेतल्या. अवधूत सोफ्यावर पाय वर घेऊन ऐसपैस बसला. त्याच्या गळ्यात काहीच नव्हतं. इरावतीची ती मोठी लेई त्याने टॅक्सीत बसताक्षणीच काढून ठेवली होती, कारण देणारी दादरलाच राहिली होती. भिवा चाफ्याच्या वासात गुदमरत समोरच्या खुर्चीत ताठ बसून होता. पत्रक आल्यापासून आजवर त्याला अवधूतच्या फोटोचा हेवा वाटला, सत्काराचा वाटला, गालाचा वाटला, खुळखुळ्याचासुद्धा वाटला. पण त्या मोकळ्या, कोरड्या, वारा लागत असलेल्या गळ्याचा जितका वाटला तितका कशाचाच नाही.